दार लावून, एकटीने

३ नोव्हेंबर, सोमवार

पानाच्या डावीकडे सुनेने, वैशालीने लाल पेनाने उभी रेघ मारून दिलीय. रोज थोडं लिहायचं, आणि रेघ सापडल्याशिवाय पेन टेकवायचं नाही, असा फिजिओ श्रद्धाचा हुकूम. काल मी पानाच्या मधूनच सुरू केलं आणि मला वाटत होतं, झालं की पान भरून. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावी बाजू माझ्या लेखी नाहीच. हात लोंबतो, पाय ओढत येतो, आणि ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहते. सुनेला वाटलं, आईंना आता मेथी चालत नाही.

उजवा हात शाबूत. जीभ शाबूत. हे म्हणाले, "बाई, जीभ वाचली ना, मग सगळं वाचलं. आमचं काय व्हायचं ते होवो." अख्खं गाव मला बालवाडीची बाई म्हणून हाक मारायचं, ती ह्यांनीही उचलली. घरातसुद्धा बाईच.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाणी कमी प्यायचं ठरवलंय. पाणी नाही तर भांडं नाही. पलंगावर पडल्या पडल्या त्या भांड्यावर बसणं, छे. सून कंबर उचलते, भांडं सरकवते, तोंड दुसरीकडे करून उभी राहते. मी छताकडे बघते. मग एवढा वेळ घाईला आलेलं होत नाही ते नाहीच.

बालवाडीत पोरं करंगळी वर करायची. दोन बोटं म्हणजे काम मोठं. आता मी पलंगावरून करंगळी वर करते आणि वैशाली "आले हं आई" म्हणते. मी पोरांना म्हणायची, आत्ताच जाऊन आलास ना रे, बस खाली. ती कधी म्हणत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस तापात गेले. लघवीला आग. डॉक्टर चांगलेच तापले माझ्यावर. "पाणी तोडलंत ना? पुन्हा ॲडमिट व्हायचंय?" वैशालीने काही सांगितलं नव्हतं, माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असणार. आता ती तांब्या मोजून पाजते. प्यायलं की मुकाट करंगळी.

आज शनिवार. पारावरच्या मारुतीला दर शनिवारी माझ्या हातचा हार जायचा, तो गेला नाही. घरच्या देवांनाही हे नुसती सुटी फुलं वाहतात. मळ्यातली शेवंती तोडून टोपलीत पडलेली, नि मी बघत पडलेली.

९ नोव्हेंबर, रविवार

महेश सुट्टीला घरी होता. अंबडच्या कंपनीत त्याच्या पाळ्या फिरतात, दिसतो कमीच. जेवताना अगदी सहज म्हणाला, "वैशालीची रजा संक्रांतीपर्यंतच आहे. शाळेच्या ऑफिसात दुसरं माणूस नाही. ती जायला लागली की आईला दिवसाही डायपर लावून ठेवू. संध्याकाळी आली की बदलेल. त्यात काय."

त्यात काय! रात्रीचं एक मी गिळलंय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी त्याच्यात बसून राहू? आणि दार उघडून कुणी आलं की वास येतोय का, हे बघत बसू? माझा पोरगा वाईट नाही, पण त्याला कळलंच नाही आपण काय बोललो ते. मी भात चिवडत बसले.

ठरलं माझं. संक्रांतीच्या आत मागच्या संडासात जायचं. दार लावून, एकटीने. आणि सगळं आटोपून बाहेर यायचं. सगळं म्हणजे सगळं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कमोडची खुर्ची आली. लोखंडी खुर्ची, बैठकीला भोक, खाली सरकती बादली, वर झाकण. पलंगाच्या उजव्या हाताला लावायची, उजव्या हाताने तिचा हात धरायचा, वळायचं, बसायचं. श्रद्धाने शिकवलं: उठताना आधी पुढे सरका, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या, मग उठा. माणूस नाकाने उठतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

भांडं गेलं. बसून झालं आज. वैशालीने हात धरून उठवलं तर मला रडूच आलं, आनंदाने. हे दारातून, "काय झालं? पडली का?" म्हटलं, नाही हो, झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज हसून हसून डावी बाजूसुद्धा हलली असेल.

पिंपळगावचे भाऊजी, ह्यांचे मावसभाऊ, मला बघायला आले. ह्यांना लाज, म्हणून ह्यांनी घाईघाईने खुर्चीवर माझी शाल पसरली. चांगली हातांची खुर्ची, वर शाल, पाहुणे माणूस. बसले की भाऊजी! मी पलंगावरून ह्यांच्याकडे बघतेय, हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. वैशाली चहा घेऊन आली नि दारातच थबकली. भाऊजी यंदाच्या द्राक्षांच्या छाटणीबद्दल बोलतायत, रेटून बसलेत. "बाकी खुर्ची भक्कम घेतली हो वहिनी. आमच्याकडे प्लास्टिकच्या. बसलं की पाय फाकतात." चहा झाला, आणि मला नेमकी त्याच वेळी... करंगळी वर करावी तर भाऊजी समोर. वैशालीने त्यांना फुलं दाखवायला मळ्यात नेलं.

मागून ह्यांना म्हटलं, शाल धुवायला टाका.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बसते मी, उठते धरून. पण धुणं राहिलंच. ते अजून वैशालीच करते.

आज एक दिसलं. खुर्ची भिंतीला खेटून आहे, तिला उभं राहायला एकाच बाजूने जागा. डाव्या हाताने ती मला खांद्याला धरते, पडू नये म्हणून. मग उरतो उजवा. उजव्या हाताने धुतलं तिने. साबणाने हात धुतले आणि गेली स्वयंपाकघरात, परातीचा आवाज आला. कणीक मळत होती.

दोन पोळ्या खाल्ल्या मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रद्धा म्हणाली, काकू, आता धुवायचंही शिका. हात आहे ना चांगला.

कोणता हात? उजवा? ज्या हाताने जेवते, ज्याने फुलं ओवते, ज्याने एवढी वर्षं दिव्याला तेल घातलं, तो? जन्मभर त्या कामाला डावा. आता डावा मेला तर त्याचं काम उजव्याच्या गळ्यात? तिला म्हटलं, बाकी जे सांगशील ते करीन, हे नाही. ती हसली. "साबण असतो ना काकू." साबण काय करणार? हाताला लागतो, मनाला थोडाच लागतो.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं, हा हात तिकडे गेला, तर पुन्हा देवाकडे नाही जायचा. हार माझ्याने होणार नाही मग. हे "हं" म्हणाले नि बाहेर गेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संडास मागे आहे, अंगण ओलांडून. सासऱ्यांचा हट्ट होता, देव ज्या छपराखाली तिथे संडास नको. महेशने लग्नानंतर वरच्या खोलीला जोडून बांधला, पण जिना कोण चढणार? आत्तापर्यंत कोणाला काही वाटलं नाही, आता ते अंगण केवढं मोठं झालंय.

महेशने मनावर घेतलंय मात्र. माणूस लावून खालची देशी सीट काढली, कमोड बसवला, उंच. पायऱ्यांच्या जागी उतार. आत खडबडीत फरशी. दार आत उघडायचं ते फिरवून बाहेर उघडेल असं केलं. मी आत पडले तर माझ्याच अंगाने दार अडेल, म्हणून. आतली कडी काढून टाकली. मी म्हटलं, कडी राहू दे. नाही म्हणाला.

हे रुसलेत. "मी कुठं बसू आता? त्या खुर्चीवर बसून काय होतंय का?" सकाळी टमरेल घेऊन मळ्याच्या टोकाला जातात. म्हटलं, जा. तुम्हाला उकिडवं बसता येतं तर मिरवा.

३० नोव्हेंबर, रविवार

ह्यांचा रुसवा गेला, उत्साह आला. शेडनेट मोडलं त्याचे पाइप पडून होते. दोन दिवस खड्डे खणून मागच्या दारापासून संडासापर्यंत कठडा उभा केला. आत कमोडशेजारीही एक आडवा दांडा. हात सटकू नये म्हणून जुन्या सायकलची ट्यूब कापून त्यावर गुंडाळली. सगळं नीट, घट्ट. आणि सगळं डाव्या बाजूला!

म्हणाले, "जी बाजू लुळी तिकडंच टेकू द्यायचा ना. टोमॅटो वाकतो तिकडूनच काठी लावतो आपण." मला पटलं. महेशला पटलं. वैशालीलासुद्धा पटलं. चार शहाणी माणसं.

निघाले. डावीकडचा कठडा मला दिसतच नाही. दिसला तरी धरणार कोण? मी आपली उजवीकडे उजवीकडे सरकत पेरूच्या झाडात. वैशालीने पकडलं. परत येताना मात्र तोच कठडा उजव्या हाताला आला, आणि मी राणीसारखी आले. तेव्हा कुठे ट्यूब पेटली सगळ्यांची.

२ डिसेंबर, मंगळवार

श्रद्धा कठडा बघून कमरेवर हात ठेवून उभी. "काका, मेहनत लय भारी. पण काकूंचा चांगला हात कुठला?" हे म्हणाले, "टोमॅटोला हात नसतो, ते लक्षातच नाय आलं."

आता दोन्हीकडून होणार. आतला दांडा उजवीकडे हलवायचा.

६ डिसेंबर, शनिवार

चालत गेले. चार पायांची काठी नको, कठडाच. वैशाली मागे, हे पुढे उलटे चालत, "ये, ये, ये," टेम्पो मागे घेताना हात दाखवतात तसे. म्हटलं, बाजूला व्हा, मी काय टेम्पो आहे? आणि पडले तर तुमच्याच अंगावर पडेन.

चप्पल हा एक वेगळाच घोळ. संडासाची रबरी चप्पल घराच्या मागच्या दाराबाहेर, ती घातल्याशिवाय आत पाऊल नाही, हे रक्तातच. डाव्या पायातली अंगणातच गळून पडली आणि मला पत्ता नाही. तशीच अनवाणी आत. कळल्यावर किळस किळस झाली. श्रद्धा म्हणते, मागून पट्टा असलेले सँडल घ्या.

१० डिसेंबर, बुधवार

कपड्यांची युक्ती वैशालीची. साडी केव्हाच सुटली, गाऊन. एका हाताने गाऊन वर धरायचा, की दांडा धरायचा, की आतलं खाली करायचं? तिने कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. गाऊनचं टोक उचलून गळ्याशी चिमट्याने अडकवायचं. हात मोकळा. आतल्याचं इलॅस्टिक सैल करून दिलंय.

आरशात बघितलं, गळ्याला निळा चिमटा लटकलेला. दागिनाच म्हणायचा आता.

१३ डिसेंबर, शनिवार

आज दार लोटून घेतलं. कडी नाही, पण बंद.

बाहेर हे. "झालं का?" जरा वेळाने, "झालं का?" अहो, तुम्ही विचारलं की होत नाही! मग खोकले. मग भजन गुणगुणायला लागले, बेसूर. शेवटी आतून ओरडले, "तिकडं शेवंतीत जाऊन उभे राहा!" तर म्हणे, "पडली तर ऐकू कसं येईल?" काळजी आहे, कळतं मला. पण दाराबाहेर काळजी उभी असली की आत काही सुचत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

ह्यांनी सायकलची घंटी काढून दांड्यावर बसवली. ट्रिंग म्हणजे या. ट्रिंग नाही तर कुणी यायचं नाही, विचारायचं नाही, खोकायचं नाही. वैशालीने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

एवढ्या वर्षांत ह्यांनी मला एक धड भेटवस्तू दिली नव्हती. ही चांगली दिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

जाते एकटी, बसते एकटी. मग ट्रिंग. वैशाली येते, धुते, जाते. दार पुन्हा लोटते. एवढंच राहिलंय, पण ते राहिलं तर सगळंच राहिलं. माझ्या खोलीतल्या कपाटावर महेशने डायपरचं मोठं पाकीट आणून ठेवलंय. नवं. त्याने लपवलंही नाही.

महेशला रात्री विचारलं, असं काही नसतं का रे, की पाणी आपोआप...? मला वाटलं हसेल. म्हणाला, "जेट असतो ना आई! कमोडलाच बसतो. बाजूला खटका. फिरवला की पाणी. हात लावायची गरज नाही." अरे मग आधी नाही का सांगायचं! म्हणे, "तू कधी बोललीच नाहीस काय अडलंय ते." खरं आहे. ह्या गोष्टी पोराशी कोण बोलतं?

२१ डिसेंबर, रविवार

जेट बसला. खटका उजवीकडे. सगळं घर संडासाबाहेर जमलं, रिबीन कापायचीच बाकी.

वैशालीने समजावलं, हळूच फिरवा. मी फिरवला. आई गं! सकाळची वेळ, अख्ख्या नाशिकला हुडहुडी भरलेली, आणि टाकीतलं ते बर्फाचं पाणी. असं काही किंचाळले की पलीकडच्या मळ्यातली माणसं बांधावर आली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. हे धावत, "बाई, पडली का?" नाही हो, उडाले!

आता दहानंतर जाते. टाकी काळी आहे, उन्हाने पाणी कोमट होतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

सलग तीन दिवस. सगळं एकटीने. जेट, मग कागद, मग चिमटा काढायचा, नाक पुढे, उठायचं. घंटी वाजवली नाही. बाहेर आले तर वैशाली भांडी घासत होती, वळूनही बघितलं नाही मुद्दाम. पण हसत होती, पाठीवरून कळलं.

उजवा हात कोरडा राहिला. आता हार करायला हरकत नाही.

३ जानेवारी, शनिवार

मारुतीला हार गेला! माझ्या हातचा. दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, सुई उजव्या हातात, फुलं ह्यांनी एकेक देठ वर करून मांडीवर ठेवली. अष्टर आणि शेवंती. वेडावाकडा, एका बाजूला दाट नि दुसरीकडे विरळ. डावीकडची फुलं मला दिसलीच नसणार. हे म्हणाले, "मारुती काय मोजत बसणार हाय का." पारावरच्या पुजाऱ्याने विचारलं म्हणे, बाईंचा हात का?

रडले मी. का नाही रडायचं?

११ जानेवारी, रविवार

उद्यापासून वैशाली शाळेत. डबा, पर्स, साडीला इस्त्री. माझ्यासाठी काय काय कुठे ठेवलंय ते चारदा सांगितलं. महेश म्हणाला, "आई, वाटलं तर पाकीट आहे हं." म्हटलं, वाटणार नाही.

चिमटा मात्र उशाशी घेऊन ठेवलाय.

१२ जानेवारी, सोमवार

छान. दहाला गेले, आले. हे दूरवर शेवंतीत, कान इकडे. वैशालीचा मधल्या सुट्टीत फोन. "आई?" म्हटलं, हो गं, झालं. तुझं तू काम कर.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

लिहायचं की नाही? लिहिते.

संक्रांतीमुळे फुलांना उठाव. हे पहाटेच बाजारात गेले, म्हणाले, दहापर्यंत येतो. नाही आले. महेश पाळीवर, वैशाली शाळेत. माझ्याने थांबवेना. गेले. कठडा, उतार, दार, चिमटा, सगळं व्यवस्थित. झालंही. खटका फिरवला.

पाणी नाही.

पुन्हा फिरवला. टाकीत फुस्स. हे गुलाबाच्या ठिबकचा कॉक उघडा टाकून गेलेले, टाकी सगळी गुलाबाला. ट्रिंग. कोण येणार? तरी वाजवत बसले. हात दुखला. पाय बधिर व्हायला लागला, उजवासुद्धा. कोपऱ्यात ह्यांची बादली भरलेली, वर टमरेल. उजव्या हाताला, अगदी हाताशी.

बसून राहिले. किती वेळ माहीत नाही. तशीच उठून जावं, तर तशी कशी जाऊ? कागद संपत आलेला. ह्यांचा राग आला, जेटचा आला, महेशच्या पाकिटाचा आला. मग डोळ्यासमोर आली ती परात. वैशालीचा उजवा हात, मला धुतलेला, नि तोच कणकेत. ती काही म्हणाली का? तिने हात दोनदा तरी न्याहाळला का? तिचा हात बाटला असं मला कधी वाटलं का? मी तर पोळ्या खाल्ल्या होत्या, चवीने.

दांडा सोडला. पहिल्यांदाच, आत, एकटी असताना. डावीकडे कलले, सावरले. टमरेल भरलं.

झालं.

मग साबण. मग पुन्हा साबण. हात गाऊनला पुसून कोरडा केला, ट्यूबवर नीट पकडला, नाक पुढे, उठले. अंगणात ऊन होतं. पेरूपाशी जरा उभी राहिले. हाताकडे बघितलं, नेहमीचाच हात.

हे साडेअकराला आले. आधी मागे गेले असतील, बादली अर्धी दिसली असेल, कारण आत आले ते टोपी काढून उंबऱ्यावरच बसले. "बाई, कॉक माझ्याकडून राहिला." म्हटलं, हो. "मग?" म्हटलं, मग काय, हात आहे ना.

तसेच उठले. म्हणाले, "भाकर टाकतो मी. तू बस." भोगीची भाजी वैशालीने करून ठेवलेली. ताट आलं. चमचा ठेवला होता ह्यांनी शेजारी, न विचारता. मी बघितला. घेतला तोच. चमच्यानेच जेवले.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

वैशाली शाळेतून आली, काळी साडी. पाया पडली. तिळाच्या वड्यांचा डबा माझ्या पलंगावर होता, सकाळी हे ठेवून गेले. तीळगूळ घरातल्या मोठ्या बाईने द्यायचा. मी म्हटलं, महेशच्या हातून घे गं.

ती तिथेच पलंगावर बसली. म्हणाली, "अण्णांनी फोनवर सांगितलं मला काल."

ह्यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

म्हटलं, मग कळलंच असेल. ती म्हणाली, "हो." आणि तळवा पुढे केला. उजवा, माझ्यासमोर, पसरून. खाली ठेवेना. "द्या ना आई."

मला काय झालं माहीत नाही. डबा उघडला, एक वडी घेतली, तिच्या तळव्यावर ठेवली. तिने तिथल्या तिथे तोंडात टाकली. चघळत म्हणाली, "गूळ जरा जास्त झालाय ह्यावेळी," आणि डायपरचं पाकीट कपाटावरून उतरवून वरच्या खोलीत घेऊन गेली. रात्रीचं एक मागे ठेवलं. ते खरंच लागतं अजून.

ह्यांनी शेवंतीची टोपली पलंगाच्या उजवीकडे आणून ठेवलीय. सुईत दोराही ओवून ठेवलाय, वेडावाकडा. देवांना आज सकाळपासून नुसतीच सुटी फुलं आहेत. हे बाहेर मोटरीशी उगाच खटपट करतायत.

हात धुऊन आले मी. जेवायच्या आधी धुते तसाच, एकदाच. दोऱ्याचं टोक अंगठ्याला बांधलंय. एक फूल घेतलंय हातात.